पत्रातल्या त्या दोन ओळी

प्रिय ताई,

मी मूळची नगरची. लग्न होऊन नाशिकला आले त्याला नऊ वर्षं झाली. शरणपूर रोडजवळ राहते, एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. वॉर्डातली माझी जवळची मैत्रीण हिंदू आहे. आठ वर्षांची मैत्री. येणं-जाणं एकाच स्कूटीवर, जेवण एकमेकींच्या डब्यातलं. गणपतीत मी तिच्या घरी जाते. माझ्यासाठीचे मोदक ती वेगळ्या भांड्यात उकडते, ते नैवेद्याला जात नाहीत. रविवारी सकाळची ड्यूटी ती स्वतःकडे घेते, म्हणून मला उपासनेला जाता येतं. पण सासूबाईंना ही मैत्री खटकते. गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे घरी आले आणि म्हणाले, ‘कुसंगतीने नीती बिघडते. एक तर तिला चर्चला आण, नाहीतर अंतर ठेव.’ मला राग आला, पण रात्रभर डोळा लागला नाही. कारण माझी प्रार्थना खरंच आटली आहे. बायबल उघडते आणि तसंच मिटते. डबा उघडण्याआधी डोळे मिटून दोन शब्द बोलायचे, तेही सुटलं. चर्चमध्ये मला मैत्रिणी नाहीत असं नाही. आम्ही पाचजणी आहोत. उपासना सुटली की मिसळ खायला जातो, आमचा ग्रुप आहे, खूप हसतो. एक जरा गप्प असते, बाकी आम्ही धमाल करतो. मध्यंतरी तरुण संघातल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्यावर मी ग्रुपवर काहीतरी लिहिलं, ते तिच्यापर्यंत गेलं. ती आता चर्चला येत नाही. ते असो. प्रश्न माझ्या मैत्रिणीचा आहे. तिला सोडू का?

— एक बहीण, नाशिक

प्रिय बहिणी,

‘ते असो’ असं लिहून तू पुढे गेलीस. मी तिथेच थांबले.

तुझ्या पत्राचा सगळ्यात मोठा भाग वॉर्डातल्या मैत्रिणीवर आहे. तिच्या मोदकांचं भांडंसुद्धा तू मला दाखवलंस. आणि जिच्यामुळे, माझ्या मते, तुझी झोप उडाली आहे, ती मुलगी दोन ओळींत येऊन गेली. तिच्याबद्दल काय लिहिलंस तेही तू मला सांगितलं नाहीस. ‘काहीतरी’ म्हणालीस. जे आठवत नाही त्याला माणूस ‘काहीतरी’ म्हणतो, आणि जे शब्दन् शब्द आठवतं पण उच्चारवत नाही त्यालाही. तुझं दुसऱ्या प्रकारचं असावं असं मला वाटतं. चुकत असेन तर माफ कर.

आधी त्या वचनाचं बघू, कारण ते तुझ्या डोक्यावर दगडासारखं ठेवून गेलेत. ‘कुसंगतीने नीती बिघडते’ हे बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं, पंधराव्या अध्यायातलं तेहेतिसावं वचन. आपल्याकडे शब्बाथ शाळेत (रविवारच्या बायबल वर्गात) ते मुलांना एकटंच पाठ करायला देतात, मीही वर्षानुवर्षं दिलं. पण तो अख्खा अध्याय पुनरुत्थानाविषयी आहे. बाराव्या वचनात पत्र लिहिणारा पौल विचारतो की तुमच्यातले काहीजण मेलेल्यांचं पुनरुत्थान नाही असं कसं म्हणतात? ‘तुमच्यातले’ हा शब्द बघ. ज्या संगतीपासून तो सावध करतोय, ती बाजारातली किंवा देवळातली नव्हे, मंडळीत शेजारी बसणाऱ्यांची. आणि बाहेरच्यांचं काय, तेही त्याच पत्रात पाचव्या अध्यायात त्याने मिटवलं आहे. जगातल्या अनीतिमान लोकांशी संबंधच ठेवू नका असं मी म्हणालो नव्हतो, नाहीतर तुम्हाला जगातूनच निघून जावं लागेल, असं तो स्पष्ट लिहितो. शिवाय ‘कुसंगतीने नीती बिघडते’ ही ओळ मुळात मिनांदर नावाच्या ग्रीक नाटककाराची मानली जाते. म्हणजे मूर्तिपूजक ग्रीकांच्या नाटकातली ओळ पौलाच्या तोंडात होती आणि ती त्याने मंडळीला शिकवायला वापरली. ज्याने परक्यांशी कधी दोन शब्द बोललेच नाहीत, त्याला हे जमलं नसतं.

तेव्हा वडीलधाऱ्यांनी वचन बरोबर दिलं. फक्त ते ज्या दाराकडे बोट दाखवून म्हणाले, ते दार चुकलं.

आता तुझ्या पाचजणींकडे येते. मी त्यांना वाईट म्हणत नाही. त्या मला माहीत नाहीत, आणि पाच बायका उपासनेनंतर मिसळीला बसतात यात मला आनंदच आहे. नाशिकच्या माणसाला रविवारी मिसळ खाऊ नको म्हणणारी मी कोण? पण तू म्हणतेस, ‘खूप हसतो’. कोणाला हसता, हे एकदा आठवून बघ. आठ दिवसांचे मेसेज वर सरकवत जा. पाळकसाहेबांच्या पत्नीची साडी, गायकवर्गात कोणाचा सूर लागला नाही, नाताळच्या वर्गणीत कोणी किती घातले, कोणाच्या मुलाने काय केलं. माणसाच्या नावाशिवायचे मेसेज किती निघतात ते मोज. मला हे दिसतंय ते मी शहाणी आहे म्हणून नाही. मी त्या टेबलावर बसलेली आहे.

चोवीस-पंचविसाची होते, शाळेत नुकतीच लागले होते. नाताळच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरी करंज्यांचा घाट होता. आम्ही सहाजणी गोल करून बसलेलो, मधे पातळ लाटलेल्या पाऱ्या, खोबऱ्याचं सारण, आणि तोंडी मंडळीतली एक बाई, जिचा नवरा तिला सोडून गेला होता. बोलत मीच होते. मला बोलता येतं, सगळ्या हसत होत्या, आणि हसणाऱ्या बायकांसमोर जीभ कशी सैल सुटते ते तुला सांगायला नको. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या मैत्रिणीने हातातलं कातणं परातीच्या काठावर ठेवलं आणि म्हणाली, “ती आत्ता दारात उभी असती तर हे वाक्य पुरं केलं असतंस?” बस, एवढंच. पुन्हा कातणं उचललं आणि करंजीची कड कापायला लागली. कोणी काही बोललं नाही. तेल तापल्याचा वास येत होता आणि माझे कान लाल झाले होते.

मला तिचा आठ दिवस राग होता. चारचौघीत बोलायची काय गरज होती, असं घरी म्हणत राहिले. नवव्या दिवशी मी तिच्याकडे गेले. त्यानंतर तिच्याशिवाय मी कुठलाही मोठा निर्णय घेतलेला नाही. मित्राने केलेल्या जखमा विश्वासाच्या असतात असं बायबलच्या नीतिसूत्रात लिहिलंय, सत्ताविसाव्या अध्यायात. ते मला त्या करंज्यांच्या परातीपाशी कळलं. बाकीच्या चौघी माझ्यावर प्रेम करत नव्हत्या असं नाही. त्या फक्त हसल्या. आणि त्यांच्या हसण्याने मी त्या वर्षभरात जी झाले होते, ती तशीच पुढे वाढत गेले असते.

संगतीचा परिणाम असाच होतो. कोणी येऊन ‘देवाला सोड’ म्हणत नाही. येशूच्या शिष्याचं, पेत्राचं बघ. प्रमुख याजकाच्या वाड्यात थंडी होती, चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवला होता, तो त्यांच्यात उभा राहून शेकत होता. त्याच्या गळ्यावर कोणी तलवार ठेवली नाही. तू येशूबरोबरचा ना, असं एका दासीने विचारलं, बाजूच्या चार लोकांनी विचारलं, आणि तो नाही म्हणाला. ऊब सोडवत नव्हती आणि वेगळं पडायचं नव्हतं, असं मला ते वाचताना दर वेळी वाटतं. मिसळीच्या टेबलालाही तशीच ऊब असते. नऊ वर्षांपूर्वी नगरहून एकटी आलेल्या मुलीला ती किती हवीशी वाटली असेल, हे मला समजतं. पहिल्या वर्षी तू फक्त ऐकत असशील. मग ‘हो ना’ म्हणायला लागलीस. मग एक दिवस सगळ्यांच्या आधी बातमी तुझ्याकडे आली आणि ती देताना बरं वाटलं.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. आणि म्हणताना दर वेळी स्वतःला पवळ्याच्या जागी धरतो, आपल्याला कोणाचा गुण लागला ते शोधत बसतो. तुझ्या संगतीचा गुण त्या चौघींना काय लागला, हेही विचार.

म्हणून मला वाटतं, तुझ्या प्रार्थनेचा आणि मोदकांचा काही संबंध नाही. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू सांगतो की वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. तू रोज रात्री बायबल उघडतेस आणि मिटतेस. मला त्यात देव रुसलाय असं दिसत नाही. ती मुलगी मधे उभी आहे आणि तू तिच्या बाजूने डोकावून पुढे बघायचा प्रयत्न करते आहेस.

तर जा तिच्याकडे. फोनवर नको, मेसेजवर तर अजिबात नको, ज्या वाटेने ते गेलं त्याच वाटेने माफी पाठवू नकोस. एकटी जा. सासूबाई, पाळकसाहेब, मैत्रीण, कोणाला बरोबर घेऊ नकोस. तिच्या घरी पाहुण्यांची वेळ नसेल अशी संध्याकाळ बघ. ‘सगळ्याच बोलत होत्या’ म्हणू नकोस, ते खरं असलं तरी. ‘माझ्या मनात तसं नव्हतं’ हेही नको. जे लिहिलं होतंस ते तुझ्या तोंडाने तिच्यासमोर एकदा म्हण आणि सांग की हे मी लिहिलं, ते चूक होतं, तुझं दुःख मी हसण्यावारी नेलं. मग गप्प बस. ती रडेल, ओरडेल, तिची आई मधे पडेल, कदाचित दार उघडणारच नाही. दार उघडलं नाही तर परत ये आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा. ‘चर्चला ये’ असं या भेटीत म्हणू नकोस. आधी तिचं तुझ्याशी पुन्हा बोलणं होऊ दे.

ग्रुपवर एक ओळ लिही: त्या मुलीबद्दल मी लिहिलं ते चुकीचं होतं, मी तिची माफी मागायला जाते आहे, इथून पुढे मी कोणा माणसाबद्दल इथे लिहिणार नाही. भाषण नको, वचनं नकोत, बाकीच्यांना शिकवणं नको. त्यांना राग येईल. एखादी म्हणेल, ‘आता ही फार पवित्र झाली.’ येऊ दे. लगेच ग्रुप सोडून निघून जाणं मला पटत नाही, त्यात नाट्य जास्त असतं. पण महिनाभर बघ. तिथे माणसं चघळण्याखेरीज दुसरं काही होतच नसेल, तर सांगून बाहेर पड. ग्रुप सोड, बायका सोडू नकोस. कोणी आजारी पडली तर डबा घेऊन जाणारी पहिली तू हो.

आणि ती गप्प असणारी. तिच्याबद्दल तू चार शब्द लिहिलेस आणि मला तुझ्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तीच वाटली. जी बाई त्या टेबलावर गप्प बसते ती एक तर भित्री असते किंवा तिला ते सोसत नसतं. तिच्याशी एकदा एकटीने बोल. शौल राजा दाविदाच्या जिवावर उठला होता, दावीद जिफाच्या रानात लपला होता. तेव्हा योनाथान, शौलाचाच मुलगा, रानात त्याला शोधत गेला आणि देवाच्या ठायी त्याचा हात बळकट केला. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात तेविसाव्या अध्यायात आहे. वाचशील तेव्हा बघ, योनाथानाने त्याला लढायला तलवार नेली असं तिथे लिहिलेलं नाही. वडिलांचं मन वळवतो असंही तो म्हणाला नाही. भिऊ नको म्हणाला, दोघांनी परमेश्वरासमोर करार केला आणि घरी परत गेला. दावीद रानातच राहिला. परिस्थिती तसूभर बदलली नाही, हात तेवढा बळकट झाला. ख्रिस्ती माणसाला असा एक तरी सोबती लागतो. दहा नकोत, एक पुरे. ‘या आठवड्यात प्रार्थना केलीस का?’ असं ज्याने विचारलं तर आपल्याला खोटं बोलवत नाही, असा.

तुझी वॉर्डातली मैत्रीण हे करू शकणार नाही, आणि हे मी तिला कमी लेखून म्हणत नाही. तिला तुझा ख्रिस्त माहीत नाही. तरीही ती तुझ्या विश्वासाला किती जपते ते बघ. तिने रविवारच्या किती सकाळी तुझ्यासाठी ड्यूटीत घातल्या, मोजल्यास का कधी? ज्या घरात नैवेद्याच्या दिवशी सोवळ्याओवळ्याची सतरा बंधनं असतील, तिथे एका ख्रिस्ती मैत्रिणीसाठी वेगळं भांडं गॅसवर ठेवायचं म्हणजे तिला तिच्या घरच्यांशी थोडं तरी बोलावं लागलं असेल. तिने ते तुला कधी सांगितलंही नसेल. मार्काच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात चौघेजण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर उचलून येशूकडे आणतात, गर्दीमुळे दार सापडत नाही म्हणून छप्पर उघडतात आणि खाली सोडतात. तुला रविवारी उपासनेपर्यंत उचलून आणणाऱ्यांत एक कोपरा हिच्या हातात आहे. ती स्वतः आत येत नाही, पण कोपरा सोडलेला नाही.

तू ज्या रस्त्याने रोज जातेस त्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात मिशनच्या शाळेत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं शिकत होती. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी लिव्हिंग्स्टनला जाऊन मिळाला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या रानात वारला, तेव्हा बरोबरच्या माणसांनी त्याचं शरीर महिनोन्महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणलं. त्यांत जेकब होता, आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांतही तो होता. तिथेच पुरून घरी गेले असते तरी त्यांना कोणी विचारलं नसतं. चार माणसांची बाज वाचताना मला आपल्या शरणपूरचा तो मुलगा आठवतो, आणि तुझं पत्र वाचताना तुझी ती मैत्रीण.

‘एक तर चर्चला आण, नाहीतर सोड’ हे मात्र मला मुळीच मान्य नाही. मैत्री म्हणजे गळाला लावलेलं आमिष नव्हे. तुझ्याच मुलखातलं उदाहरण देते. लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नारायण वामनांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. सख्ख्या नवऱ्याच्या मागे जायला त्या माउलीला पाच वर्षं लागली, आणि गेल्या त्या स्वतःच्या मनाने. तुझ्या मैत्रिणीला तू वर्षभराची मुदत देणार का? तिने विचारलं तर प्रभू तुझा कोण आहे ते मोकळेपणाने सांग. न विचारता तिच्यासमोर डबा उघडण्याआधी पुन्हा डोळे मिटायला लाग. ते तिच्यामुळे सुटलेलं नाही. मला वाटतं, तू मिटलेस तर तीच पोळीचा तुकडा हातात धरून थांबेल.

गणपतीला तिच्या घरी जायचं की नाही, हे तुझ्या विवेकाचं काम आहे. पौल म्हणतो, अविश्वासी माणसाने जेवायला बोलावलं आणि तुला जावंसं वाटलं तर पुढे वाढतील ते खा, फक्त कोणी सांगितलं की हे मूर्तीला दाखवलेलं आहे, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नकोस. तुमचा तर प्रश्नच तिने भांडं वेगळं करून सोडवला आहे. आरतीच्या वेळी तू काय करायचं ते तुझं तू ठरव. आठ वर्षांत तुला ते समजलं नसेल असं मला वाटत नाही.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना भीती वाटते, आणि भीती वाटणाऱ्या माणसाला मुद्दे देऊन उपयोग नसतो. मैत्रिणीला एखाद्या रविवारी संध्याकाळी घरी जेवायला बोलाव. सासूबाईंच्या हातचं काय चांगलं होतं ते त्यांनाच करायला सांग. त्या वडीलधाऱ्यांना भेटलीस तर पंधरावा आणि पाचवा अध्याय त्यांच्याबरोबर बसून वाचायची विनंती कर, नम्रपणे, त्यांची चूक काढायला नाही.

पण आधी त्या मुलीकडे. या सगळ्याच्या आधी. जाताना केक, फुलं, फराळाचा डबा, काही नेऊ नकोस. रिकाम्या हाताने जा, म्हणजे तिला काही घ्यावं लागणार नाही आणि नाकारायचं असेल तर तुलाच नाकारता येईल.

शक्य असेल तर येत्या गुरुवारी जा. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मी माझ्या खोलीत दार लावून तुम्हा दोघींची नावं घेऊन बसेन. तिचं नाव मला माहीत नाही, ते प्रभूला माहीत आहे. परत आल्यावर मला दोन ओळी लिही, दार उघडलं की नाही एवढंच.

तुझी,
ताई